वळणावरील रांगांची वाटणी

सुरतेत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी क्वचितच एखादे असे असेल, की ज्यातील कोणी ना कोणी दिवसातून एकदा तरी एखाद्या मोठ्या चौकात लाल दिव्यापुढे थांबत नाही. लिंबायतेहून कोणी कापडबाजारात कामावर निघालेला असतो, उधन्याहून कोणी मुलीला अठवा गेटच्या बाजूस महाविद्यालयात सोडावयास जात असतो, तर दिंडोलीहून कोणी खानदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना आणण्यासाठी स्टेशन गाठत असतो. दिवा लाल आहे तोवर सर्वांचे डोळे त्या दिव्यावरच खिळलेले असतात. पण ती मिनिट-दीड मिनिटाची सक्तीची विश्रांती आजूबाजूच्या रांगा न्याहाळण्यात घालविली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. वळणाऱ्या वाहनांसाठी शेजारी शेजारी दोन मार्गिका आखलेल्या असतात; तरीही एकीत रांग लांबवर गेलेली असते आणि दुसरीत चार-सहा वाहने उभी असतात. दिवा हिरवा झाला की आखूड रांग पाहता पाहता निघून जाते. लांब रांगेतील शेवटची वाहने मात्र पुन्हा लाल दिव्याच्या स्वाधीन होतात.

दोन्ही मार्गिकांची रुंदी सारखी, दिवा एकच आणि जावयाचेही एकाच बाजूला. मग ही वाटणी अशी विषम का व्हावी? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु वाहतूक अभियांत्रिकीच्या अभ्यासकांनी त्यावर अनेक वर्षे डोके चालविले आहे; आणि त्याच्या उत्तरात आपला वेळ, आपले पेट्रोल आणि पायी चालणाऱ्या माणसाचा जीव या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून या अंकात त्याचा थोडा सविस्तर विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

दरवाजे गेले, नावे राहिली

सुरतेच्या चौकांची नावे मोठी बोलकी आहेत. सहारा दरवाजा, मान दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट, अठवा गेट. आज तेथे दरवाजा म्हणून काही दिसत नाही. पण एके काळी ते खरोखरीच शहराचे दरवाजे होते. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या या धनाढ्य बंदरावर झाल्या. पहिल्या स्वारीचा धसका घेऊन मोगल सत्तेने शहराभोवती विटांचा पक्का कोट उभारण्याचे मनावर घेतले. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी वस्ती त्या कोटाबाहेर वाढली, तेव्हा तिलाही कवेत घेणारा दुसरा, बाहेरचा कोट झाला. आतला तो शहरपनाह आणि बाहेरचा तो आलमपनाह. आजच्या रिंग रोडवरील पुष्कळशी नावे या बाहेरच्या कोटाच्या दरवाजांची आहेत. म्हणजे आज ज्या चौकांत आपण ताटकळतो, त्यांच्या जन्माशी मराठ्यांच्या इतिहासाचाही दूरचा का होईना, संबंध आहे.

कोटाच्या दरवाजात वाटणीचा प्रश्नच नसे. बैलगाडी असो, पालखी असो की पखालीवाला असो, सर्वांना एकाच तोंडातून जावे लागे. कोट पडले, रस्ते रुंद झाले आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगने या शहराची दैना उडविली. त्यानंतर १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत स्वच्छतेबरोबरच रस्ते रुंद करण्याचीही मोठी मोहीम झाली. पुढे उड्डाणपूल झाले. २०१४ पासून उधना दरवाजा ते सचीन या मार्गावर बीआरटीएसच्या बसगाड्या स्वतंत्र मार्गिकेतून धावू लागल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये मेट्रो रेल्वेचे भूमिपूजन झाले. इकडे लोकवस्ती तर झपाट्याने वाढतच होती. २००१ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत २४ लाखांवर असलेली संख्या २०११ मध्ये सुमारे ४५ लाखांवर पोहोचली. मधल्या काळात, २००६ साली, हद्द वाढली हे त्याचे एक कारण होय. कापड आणि हिरे यांच्या धंद्यांनी ओढून आणलेली माणसे हे दुसरे. त्या माणसांत खानदेशातून आलेले आपले बांधव फार मोठ्या संख्येने आहेत.

उड्डाणपुलामुळे चौकाचे स्वरूपच पालटते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना सरळ जावयाचे ते वरून निघून जातात. खाली उरतात ते मुख्यतः वळणारे, माघारी फिरणारे, बसवाले, रिक्षावाले आणि पायी चालणारे. तेव्हा सुरतेसारख्या पुलांच्या शहरात वळणाच्या मार्गिकांचा प्रश्न अन्य शहरांपेक्षा अधिकच जिव्हाळ्याचा आहे.

रांगांचे गणित

प्रथम थोडे गणित करू. ते पाचवीच्या मुलालाही समजण्याजोगे आहे. समजा, उजवीकडे वळण्यासाठी दोन मार्गिका आहेत आणि हिरवा दिवा ३० सेकंद राहतो. रांग एकदा चालू लागली की एका मार्गिकेतून साधारणतः दोन सेकंदांस एक मोटार बाहेर पडते. म्हणजे ३० सेकंदांत प्रत्येकीतून १५ आणि दोन्हींतून मिळून ३० मोटारी निघावयास हव्यात. थांबलेल्या ३० मोटारी जर १५ आणि १५ अशा उभ्या असतील, तर दिवा पुन्हा लाल होण्यापूर्वी चौक मोकळा होतो. परंतु त्याच ३० मोटारी जर २० आणि १० अशा उभ्या असतील, तर आखूड रांग २० सेकंदांतच संपते आणि उरलेले १० सेकंद ती मार्गिका ओसाड पडून राहते. लांब रांगेतील पाच मोटारी मात्र मागे उरतात. दर दोन मिनिटांनी एक फेरा धरला तर तासात ३० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पाच मोटारी मागे राहिल्या, तर तासाअखेर दीडशे मोटारींचे ओझे साठेल. रस्ता तोच, दिवाही तोच. केवळ वाटणी बिघडली.

प्रत्यक्षात दीडशेची रांग होत नाही, कारण माणूस डोळे मिटून रांगेत उभा राहत नाही. लांब रांग पाहून काहीजण आखूड रांगेकडे वळतात. या प्रवृत्तीचे शास्त्रीय सूत्र १९५२ साली जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप या ब्रिटिश संशोधकाने मांडले. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या अनेक वाटा असतील, तर प्रवासी अशा रीतीने वाटले जातात, की वापरात असलेल्या सर्व वाटांवर लागणारा वेळ अखेर सारखाच होतो आणि वाट बदलून कोणाचाही लाभ उरत नाही. पंढरपुरात किंवा शिर्डीत दर्शनाच्या दोन बाऱ्या शेजारी असल्या, की लोक लांब बारी सोडून आखूड बारीत शिरतात आणि थोड्याच वेळात दोन्ही सारख्या होतात, तसेच हे. वॉर्ड्रॉपने हे सूत्र शहरांतील निरनिराळ्या मार्गांसाठी सांगितले. पण चौकातील रांगांनाही ते पुष्कळ अंशी लागू पडते.

अमेरिकेत रस्त्यांच्या क्षमतेचे हिशेब करण्यासाठी एक प्रमाणग्रंथ वापरतात. तो प्रथम १९५० साली निघाला. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत या वाटणीचे सर्वसाधारण आकडे दिलेले आहेत. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून समोरच्या वाहनांना छेदून घेतलेले त्यांचे डावे वळण म्हणजे आपले उजवे वळण होय, हे ध्यानात ठेवावे. अशा वळणाच्या दोन मार्गिका असतील तर अधिक भरलेल्या मार्गिकेत १०० पैकी ५१.५ वाहने धरावीत, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणजे वाटणी जवळजवळ सारखीच. परंतु रस्त्याच्या कडेकडेने घेतलेल्या वळणाच्या, म्हणजे आपल्या डाव्या वळणाच्या, दोन मार्गिका असतील तर एकीत ५६.५ आणि दुसरीत ४३.५ अशी वाटणी होते. त्यामुळे दोन मार्गिकांचे काम पूर्ण दोनांइतके न भरता सुमारे पावणेदोनांइतकेच भरते. सरळ जाणाऱ्या तीन मार्गिकांतही सर्वांत भरलेल्या मार्गिकेत तिसऱ्या हिश्श्याऐवजी ३६.७ टक्के वाहने असतात. हे आकडे स्थानिक मोजणी हाती नसेल तेव्हापुरते आहेत. ज्या चौकाचा हिशेब करावयाचा तेथे उभे राहून प्रत्यक्ष मोजावे, हाच खरा मार्ग होय. कारण एकेका चौकाची खोड निराळी असते.

पुढची वाट मागची रांग ठरविते

माणूस आखूड रांग निवडतो असे वर म्हटले; मग वाटणी सारखी का होत नाही? कारण दर्शनाच्या बारीत सर्वांना एकाच मूर्तीपुढे जावयाचे असते, चौकात तसे नसते. वळल्यानंतर पुढे कोठे जावयाचे, याचा विचार वाहनचालक वळण्यापूर्वीच करतो. उधन्याकडून उधना दरवाजाकडे येणाऱ्यास कापडबाजार उजव्या हातास पडतो. तो उजवीकडे वळला आणि लगेच डाव्या बाजूच्या एखाद्या मार्केटात त्याला शिरावयाचे असले, तर तो अगोदरपासूनच बाहेरच्या, म्हणजे डावीकडच्या, वळणमार्गिकेत उभा राहील. मग ती रांग कितीही लांब असो. ज्याला पुढे पुन्हा उजवीकडे वळावयाचे आहे, तो दुभाजकाला खेटून असलेली आतली मार्गिका धरील. या दोन प्रकारच्या लोकांची संख्या सारखी नसेल तर रांगाही सारख्या होणार नाहीत. आखूड रांगेतून वळून मग चार वाहने आडवी कापीत पलीकडे जाण्यापेक्षा लांब रांगेत एक फेरा अधिक थांबलेले बरे, असा हा हिशेब असतो, आणि सावध चालकाच्या दृष्टीने तो योग्यच म्हटला पाहिजे.

दुसरे कारण वळणानंतरच्या रस्त्याच्या तोंडाशी सापडते. वळून पुढे जाताच कडेला रिक्षा उताऱ्यांची वाट पाहत उभ्या असतील, चहाच्या टपरीपुढे मोटारसायकली लावल्या असतील किंवा बसचा थांबा असेल, तर बाहेरच्या मार्गिकेतून वळणाऱ्यास पुढे जागाच मिळत नाही. रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यास हे पाठ असते. तो त्या मार्गिकेच्या वाटेस जात नाही आणि आतल्या मार्गिकेत गर्दी करतो. बांधकामासाठी पत्र्यांचे कुंपण घालून रस्ता आवळला गेला की हेच घडते. मागे दोन मार्गिका आखून पुढे एकाच मार्गिकेपुरती जागा ठेवणे म्हणजे दोन नळांचे पाणी एका अरुंद नरसाळ्यात सोडण्यासारखे आहे.

तिसरे कारण वळणाच्या आकाराचे. आतल्या मार्गिकेचे वळण आखूड आणि आवळलेले, बाहेरचीचे लांब आणि सैल. मालमोटारी व बसगाड्यांना आतले वळण अवघड जाते, म्हणून त्या बाहेरची मार्गिका धरतात. त्यांच्यामागे हळूहळू जावयास लहान वाहने नाखूष असतात, म्हणून ती आत घुसतात. सचीन, पांडेसरा, हजिरा अशा औद्योगिक वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटांवर अवजड वाहनांचे प्रमाण मोठे असते. तेथे या कारणास विशेष वजन येते.

चौथे कारण अज्ञानाचे. शहरात नवखा आलेला मनुष्य कोणती मार्गिका कोठे जाते हे चौकापाशी पोहोचेपर्यंत जाणत नाही. रस्त्यावर रंगविलेले बाण समोरच्या वाहनांखाली झाकलेले असतात. तो बावरून एका बाजूस थांबतो आणि चूक कळताच दिवा हिरवा झाल्यावर आडवा घुसतो. चौकातील पुष्कळशी धुसफूस अशा आयत्या वेळच्या घुसखोरीतून उद्भवते.

आपल्याकडची मिश्र वाहतूक

येथवरचे विवेचन मोटारींचे झाले. आपल्या चौकात मोटारीच्या एका मार्गिकेत तीन दुचाक्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि उरलेल्या फटीतून चौथी पुढे सरकत असते. त्यामुळे 'मार्गिका' हा शब्दच आपल्याकडे सैल होतो. दिवा लाल असताना दुचाक्या वाहनांच्या मधून झिरपत पुढे येतात आणि थांबण्याच्या पांढऱ्या रेषेपाशी त्यांचा दाट पुंजका जमतो. दिवा हिरवा होताच हा पुंजका पंख्यासारखा पसरतो. दोन मार्गिकांच्या जागी पाच-सहा ओळी होतात आणि वळण संपताना त्या पुन्हा दोन-तीन ओळींत कोंबल्या जातात. वाटणीचा प्रश्न अशा वेळी रांगेत सुटत नाही, तो भर चौकात सोडविला जातो.

यामुळे आपल्या अभियंत्यांना मोजमापाची निराळी पद्धत घ्यावी लागली. निरनिराळ्या वाहनांचे मोटारीच्या मापात रूपांतर करून हिशेब करावयाचा, अशी ती पद्धत. शहरांतील रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली जे मार्गदर्शन केले, त्यात दुचाकी एकूण वाहतुकीच्या दहा टक्के वा अधिक असेल तर ती पाऊण मोटारीइतकी धरावी असे होते. पुढे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ साली भारतीय रस्त्यांच्या क्षमतेचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात दिव्यांच्या चौकासाठी दुचाकीचे माप ०.४ वर आले. दिव्यापाशी दुचाक्या किती दाटीने उभ्या राहतात आणि किती झटपट निघतात, याचीच ती कबुली होय.

त्याच ग्रंथातील आणखी एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. १९५८ साली एफ. व्ही. वेब्स्टर या इंग्रज संशोधकाने दिव्यांच्या वेळा ठरविण्याचे प्रसिद्ध शास्त्र मांडले. त्याच्या हिशेबात रुंद रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे हिरव्या दिव्याच्या एका तासास ५२५ मोटारी निघतात, असे धरलेले आहे. रस्ता जितका रुंद तितक्या प्रमाणात मोटारी अधिक. भारतीय मोजणीत मात्र सात मीटरांहून अरुंद वाटेस दर मीटरमागे ६३० मोटारींइतकी वाहतूक आढळली आणि साडेदहा मीटरांहून रुंद वाटेस दर मीटरमागे ५०० च धरण्यात आली. म्हणजे सात मीटरांची वाट साडेदहा केली, तर रुंदी दीडपट होते; पण काम सुमारे एक पंचमांशानेच वाढते. रुंदी वाढली की वाहने ती नीट वाटून घेत नाहीत. काही जागा मोकळी पडते आणि काही आडव्या सरकण्यात वाया जाते. केवळ घरे-दुकाने पाडून रस्ता रुंद केला म्हणजे चौक सुटला, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा अवश्य पाहावा.

डाव्या वळणाची गोष्टही आपल्याकडे निराळी आहे. पुष्कळ चौकांत डावीकडे वळणाऱ्यांस दिव्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु सरळ जाणाऱ्या दुचाक्या पुढे सरकत सरकत नेमक्या त्याच तोंडाशी येऊन उभ्या राहतात. चार दुचाक्यांनी ते तोंड अडविले की मागच्या वीस-पंचवीस वाहनांची मोकळी वाट बंद पडते. येथे नवा पूल नको की नवा रस्ता नको. ज्याला सरळ जावयाचे त्याने डाव्या कडेस न थांबता आपल्या रांगेत थांबावे, एवढेच पुरे.

दुसऱ्या रांगेआड दडलेला धोका

वेळ आणि पेट्रोल यांची नासाडी आपण सोसू शकतो. मनुष्यहानी सोसवत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती आणि पायी चालणारी जवळजवळ दर पाचांत एक. हे सर्व अपघात चौकांतील नव्हेत. तरीही वळणाच्या दोन मार्गिकांत जे दोन विशेष धोके असतात, ते प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावयास हवेत.

पहिला धोका पायी चालणाऱ्याचा. माग कारखान्यांतील पाळी बदलते त्या वेळी उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत शेकडो माणसे पायी रस्ता ओलांडत असतात. समजा, वळणाऱ्या पहिल्या मार्गिकेतील बसवाल्याने एका वृद्ध बाईंना पाहून गाडी थांबविली आणि जाण्याची खूण केली. बाई विश्वासाने पुढे पाऊल टाकतात. परंतु शेजारच्या मार्गिकेतून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या दिसत नाहीत, कारण थांबलेल्या बसने त्यांना झाकलेले असते. आणि बाईंनाही तो दिसत नाही. पहिल्याचे सौजन्य दुसऱ्याच्या घाईमुळे प्राणघातक ठरते. म्हणून शेजारचे वाहन चौकात विनाकारण थांबलेले दिसले, तर त्यामागे कारण आहे असे समजून आपणही थांबावे. पायी चालणाऱ्याने एका वाहनापुढून पार होताच क्षणभर उभे राहून पुढची मार्गिका वाकून पाहावी. मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे, कारण पहिली गाडी थांबली म्हणजे सारा रस्ता थांबला असे त्यांना वाटते.

दुसरा धोका लांब वाहनाच्या मागच्या चाकांचा. बस किंवा मालमोटार वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूस सरकून चालतात. वाहन जितके लांब तितके हे सरकणे अधिक. वळणाऱ्या मालमोटारीच्या आतल्या बाजूला सुरुवातीस पुरेशी जागा दिसते, म्हणून दुचाकीस्वार तेथे शिरतो आणि वळण पुरे होण्यापूर्वीच ती जागा नाहीशी होते. चालकाला आरशात तो दिसेलच असे नाही. तेव्हा लांब वाहन वळत असता त्याच्या आतल्या अंगास कदापि राहू नये, मागे थांबावे. यात फार तर अर्धे मिनिट जाते.

बीआरटीएसच्या मार्गावर आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथे बसची मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी असते. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्या वाहनाच्याही उजव्या हातास सरळ जाणारी बस असते. इतर रस्त्यांवर ज्या बाजूने सहवाहतूक येण्याची अपेक्षा नसते, त्या बाजूने ती येथे येते. बसचा दिवा आणि वळणाचा दिवा वेगवेगळे ठेवलेले असतात ते याचसाठी. इतरांचा दिवा हिरवा झाला म्हणून आपणही वळावे, ही सवय तेथे घातक होय.

नगराचे काम आणि घराचे काम

वाटणी सुधारण्याचे काही उपाय महापालिकेच्या आणि पोलिसांच्या हाती आहेत. ते खर्चिक नाहीत. कोणती मार्गिका कोठे जाते याचे मोठे फलक, गावा-वस्त्यांच्या नावांसह, चौकाच्या पुष्कळ अलीकडे वर टांगलेले असावेत. चौकाच्या तोंडाशी लावलेला फलक उशिराचा असतो. दोन मार्गिकांतून एकदम वळावयाचे तेथे प्रत्येकीची वळणाची वाट तुटक रेषांनी चौकाच्या आतही आखलेली असावी, म्हणजे वाहने एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. वळणानंतरच्या रस्त्याच्या तोंडाशी रिक्षाथांबा, बसथांबा किंवा हातगाडी नसावी. ती थोडी पुढे हलवावी. रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून त्यांना पुढे निश्चित जागा आखून द्यावी, हेही तितकेच आवश्यक. आणि हिरव्या दिव्याची वेळ ठरविताना एकूण वाहने मोजून न थांबता मार्गिकावार मोजणी व्हावी; कारण दिव्याला किती वेळ लागणार हे सर्वांत लांब रांगेवर ठरते.

अशी मोजणी आपली मंडळेही करू शकतील. शाळा-महाविद्यालयांतील चार विद्यार्थ्यांनी चौकालगतच्या एखाद्या इमारतीच्या सज्जात सुरक्षित बसावे. एकाने एकच मार्गिका घ्यावी आणि प्रत्येक फेऱ्यात किती दुचाक्या, किती रिक्षा, किती मोटारी व किती अवजड वाहने वळली, याच्या पाच-पाच रेघांच्या जुड्या वहीत मांडाव्यात. दिवा लाल झाला तेव्हा कोणत्या रांगेत किती वाहने मागे राहिली, हेही लिहावे. सकाळ-संध्याकाळ एकेक तास, असे चार-पाच दिवस केले तर त्या चौकाची कुंडली हाती येते. 'आमच्या चौकात फार गर्दी होते' अशा अर्जापेक्षा 'बाहेरची मार्गिका प्रत्येक फेऱ्यात अर्धी रिकामी जाते व त्याचे कारण अमुक थांबा आहे' असा अर्ज अधिकाऱ्यास विचार करावयास लावतो.

बाकीचे काम घराघरांतील आहे. २०२४ पासून सुरतेत लाल दिव्याला आणि पांढऱ्या रेषेच्या आत थांबण्याबाबत पोलिसांनी जोराची मोहीम चालविली. त्या काळात या शहरातील माणूसही शिस्तीने थांबू शकतो, हे दिसून आले. थांबणे जमले, आता वळणे जमावयास हवे. घरून निघतानाच कोठे वळावयाचे हे मनाशी ठरवून चौकाच्या बरेच अलीकडे योग्य मार्गिका धरावी. ज्या मार्गिकेतून वळण सुरू केले तिच्यातूनच ते पुरे करावे, आणि बाजू बदलणे असेल तर चौक मागे पडल्यावर, खूण करून बदलावी. चुकीच्या मार्गिकेत सापडलो तर आडवे न घुसता सरळ पुढे जावे आणि पुढच्या सर्कलवरून फिरून यावे. दोन-चार मिनिटांचा उशीर होईल. घरी वाट पाहणाऱ्यांना तो चालतो.

घरातील मुले अठरा वर्षांची होऊन परवाना हाती घेतात, त्याच्या कितीतरी आधी ती आपल्या मागे बसून आपले वळणे पाहत असतात. वडील डाव्या तोंडाशी थांबून मागच्यांची वाट अडवितात की आपल्या रांगेत उभे राहतात, आई स्कूटर चालविताना वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूस शिरते की मागे थांबते, हे त्यांच्या मनावर उमटत असते. परवान्याच्या परीक्षेपूर्वीचे त्यांचे पुष्कळसे शिक्षण तेथेच होऊन जाते. तेव्हा येत्या आठवड्यात मुलाला मागे बसवून निघाल, तेव्हा चौकात थांबल्यावर त्याला दोन्ही रांगा मोजावयास सांगावे, कोणती लांब आहे आणि का, हे त्यालाच विचारावे. बहुधा तो पुढे पाहून एखाद्या रिक्षाथांब्याकडे बोट दाखवील, आणि त्याचे उत्तर बरोबर असेल.